कापलेला प्लग

प्लग व्हाइसमध्ये धरायचा तो षट्कोनावर, आणि जबड्यांमध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून. आट्यांवर आवळला तर आटे दबतात आणि मग हेडमध्ये प्लग आडवा चढतो. प्लगच्या तोंडाशी एक वाकडी पत्ती असते, मधल्या काडीच्या डोक्यावर छपरासारखी आलेली. बारीक दातांचं हॅकसॉ पान घ्यायचं आणि पत्ती काडीच्या बरोबर मध्यावर येईल इतकी कापायची. म्हणजे छप्पर अर्धं उरतं, अर्धी काडी उघडी पडते. कापल्यावर चपट्या कानशीचे दोन हात मारून कड सरळ करायची, पण गोल होऊ द्यायची नाही. कड नखाला लागली पाहिजे. शेवटी त्याच पानाची पाठ पत्ती आणि काडीच्या मधून सरकवून बघायची. पानाची जाडी साधारण पंचवीस थाऊ, म्हणजे ०.६४ मिलिमीटर. पान अडकत अडकत निघालं की गॅप जमला.

हे मी १९८७ साली शिकलो, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. दहावी झाली होती, घरी पुढं शिकवण्याची ऐपत नव्हती, आणि मामांच्या ओळखीनं एका गॅरेजात हेल्पर म्हणून चिकटलो. आजूबाजूला ओतकामाचे कारखाने, लेथ, इंजिनांचे सुटे भाग बनवणारे छोटे छोटे शेड. दिवसभर घणाचा आणि ग्राइंडरचा आवाज. त्या भागात कुठलीही वस्तू जशी आली तशी वापरायची पद्धतच नव्हती. बेअरिंग ढिलं असेल तर स्लीव्ह करून घालायचं, गिअरचा दात तुटला तर वेल्डिंग भरून कापायचा. अशा ठिकाणी प्लगला हात न लावता तो बसवणं हेच लोकांना नवल वाटलं असतं.

आमचे उस्ताद शाळा चौथीपर्यंत शिकलेले, पण त्यांचा कान असा होता की, रस्त्यावरून गाडी गेली तर हातातलं काम न थांबवता म्हणायचे, “पॉइंट उघडलाय तिचा.” प्लग कापायला त्यांनीच शिकवलं. त्यांची समजूत अशी: ठिणगी पडते ती पत्तीच्या पोटाखाली, काळोखात. पेट्रोल-हवेचं मिश्रण येतं वरून. पत्ती मध्ये आडवी आली की जाळ आधी पत्तीला धडकतो, मग पुढं जातो. छप्पर अर्धं काढलं की ठिणगी उघड्यावर पडते. त्याच्यापुढंही ते एक गोष्ट करायचे. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर, उघडी बाजू ज्या अंगाला आहे तिथं पेन्सिलीची रेघ ओढायचे, प्लग आवळायचे आणि रेघ कुठं थांबली ते बघायचे. फोर स्ट्रोक गाडी असेल तर ती रेघ इनलेट व्हॉल्व्हच्या बाजूला आली पाहिजे. नाही आली तर दुसरा वायसर. त्यांच्याकडे तांब्याच्या वायसरांचा एक डबा होता, सगळे कमीजास्त जाडीचे, स्वतः घासून केलेले. एका प्लगसाठी चार-चार वायसर बदलून बघताना मी त्यांना पाहिलं आहे. गिऱ्हाईक बाकड्यावर बसून चहा पीत असायचं आणि उस्ताद रेघ जुळवत असायचे.

त्या काळाचं पेट्रोलशी आणि प्लगशी जे नातं होतं ते आताच्या पोरांना सांगून कळत नाही. घराघरांत चेतक होती. पेट्रोलमध्ये ऑइल घालून चालणारी टू स्ट्रोक गाडी. ऑइल जरा जास्त पडलं, पेट्रोल पंपावरच्या पोरानं माप नीट धरलं नाही, की प्लग ओला होऊन काळा व्हायचा. प्रत्येकाच्या डिकीत प्लगपाना, एक जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच. शाळेचे हेडमास्तर, बँकेतले साहेब, लग्नाला निघालेला नवरदेवाचा भाऊ, सगळे रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून प्लग घासताना दिसायचे. स्कूटर आडवी करून, उभी करून किक मारणारे तर रोज दोन-चार. ह्या लोकांना कुणी म्हणालं, की प्लगची पत्ती कापली की गाडी पहिल्या किकला उठते आणि अ‍ॅव्हरेजही वाढतं, तर ते का नाही येणार? आमच्याकडे रांग लागायची. प्लग कापायचे वेगळे पैसे उस्ताद घेत नसत; सर्व्हिसिंगमध्येच ते काम धरलेलं असे.

आणि गाडी खरंच पहिल्या किकला उठायची. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, ते मी आजही नाकारत नाही. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. त्या गाड्यांना पॉइंट आणि कंडेन्सर होते, करंट तयार व्हायचा तो मॅग्नेटोत. किक मारताना मॅग्नेटो हळू फिरतो, म्हणजे करंट अगदी कमी असतो तेव्हाच गाडीला त्याची सर्वांत जास्त गरज असते. ठिणगी नेहमी धारेवरून उडी मारते, सपाट जागेवरून किंवा गोल कडेवरून तिला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग जुना झाला की काडीची कड झिजून गोल होते, गॅपही वाढतो. आम्ही पत्ती कापून तिला नवी करकरीत धार देत होतो, गॅप पुन्हा बांधत होतो. कमी करंटलाही ठिणगी पडत होती. उस्तादांचं बोट बरोबर जागी होतं. फक्त ती धार टिकायची नाही. पत्ती निकेलच्या मिश्रधातूची, प्रत्येक ठिणगीला तिचा कणभर भाग उडतो, आणि सर्वांत आधी उडते ती धारच. हजार-दोन हजार किलोमीटरनंतर तेच गिऱ्हाईक परत यायचं, “उस्ताद, परत कापा की ओ.” आम्हाला वाटायचं, आपल्या कामावर विश्वास आहे म्हणून येतंय.

१९९४ साली मी वेगळा झालो. शहराच्या पन्हाळ्याकडच्या बाजूला भाड्याची जागा घेतली, उस्तादांनी जुना व्हाइस दिला. आणि मी त्यांच्यापेक्षा पुढं जायचं ठरवलं. ते पत्ती अर्धी कापायचे. मी अर्धी कापून वर ती दोन्ही अंगांनी कानशीनं निमुळती करायला लागलो, पेन्सिलीच्या टोकासारखी. जाळाला जितकी मोकळीक तितकं बरं, असा माझा हिशोब. दिसायलाही ते काम सुबक दिसायचं. मला त्याचा अभिमान होता.

पन्हाळ्याच्या अंगाच्या एका गावातून रतीब घालायला येणारे एक दूधवाले होते. राजदूत, दोन्ही बाजूंना कॅन. पहाटे भरले कॅन घेऊन उतरायचे, दुपारी रिकामे कॅन आणि मागच्या सीटवर सरकी पेंडीची पोती घेऊन वाघबिळाचा चढ चढायचे. गाडीचं अ‍ॅव्हरेज फार कमी, दुधात जे सुटायचं त्यातलं बरंच पेट्रोलमध्ये जायचं. मी त्यांना स्वतःहून म्हणालो, “मामा, प्लग करून देतो, फरक बघा.” निमुळती पत्ती करून प्लग दिला. आठवड्यानं आले तर खूश होते. गाडी हलकी झाली म्हणाले.

उन्हाळ्याचे दिवस होते. पुढच्याच महिन्यात एका दुपारी ते गाडी टेम्पोत घालून घेऊन आले. चढावर गाडी आधी जोर सोडायला लागली, मग बंद करायला चावी फिरवली तरी दोन-चार ठोके तशीच चालली, मग आतून खडखड आवाज आला आणि जागीच थांबली. मी प्लग काढला. पत्तीचं टोक नव्हतं. उरलेला खुंट निळसर-काळा पडलेला, कड वितळून मेणासारखी ओघळलेली. हेड खोललं तर पिस्टनच्या माथ्यावर चिमणीनं चोची माराव्यात तसे खड्डे, बोअरला दोन उभ्या रेघा, आणि एका खड्ड्यात अर्ध्या तांदळाएवढा तुकडा रुतून बसलेला. मी तो चिमट्यानं काढून तळहातावर घेतला. कानशीचे माझे ओरखडे त्याच्यावर अजून दिसत होते.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “उद्याचं दूध कसं घालायचं?” मी माझी गाडी त्यांना दिली, नवा पिस्टन, रिंगा, बोअरिंग माझ्या पैशानं केलं. त्यांनी नंतरही माझ्याकडेच काम दिलं, पण तो प्रश्न मला पुष्कळ दिवस झोपू देत नव्हता. मी त्यांना काहीतरी चांगलं देतो आहे असं समजून त्यांच्या पोटावर पाय दिला होता.

मी काय केलं हे समजून घ्यायला मला पुस्तकं लागली. जवळच्या पॉलिटेक्निकमधले एक सर गाडी टाकायला यायचे, त्यांनी जुनी पुस्तकं आणून दिली, शब्द अडला की समजावून सांगितलं. त्यातून जे कळलं ते असं. प्लग ठिणगी पाडतो हे त्याचं अर्धं काम. दुसरं अर्धं काम उष्णता बाहेर काढून द्यायचं. प्लगचं तोंड साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे, तरच त्याच्यावर बसलेला कार्बन जळून तो स्वतःला साफ ठेवतो. आणि साधारण ८५० अंशांच्या वर ते जाता कामा नये. गेलं तर तोंड निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवतं. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोट त्याला खाली ढकलतो. बाजूच्या पत्तीला उष्णता घालवायला एकच वाट असते, जिथं ती वेल्ड केलेली आहे त्या मुळातून प्लगच्या अंगात आणि तिथून हेडमध्ये. मी पत्ती निमुळती करून नेमकी ती वाट अरुंद केली होती. त्यात टू स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला स्फोट, मध्ये उसंत नाही. त्यात पेंडीची पोती, त्यात चढ, त्यात मे महिना. चावी बंद केल्यावरही गाडी चालत राहिली ती त्या लाल पत्तीवर चालत होती.

प्लगच्या नंबरांचा घोळही तेव्हाच उलगडला. प्लग गरम की थंड हे त्याच्या नंबरात लिहिलेलं असतं. एनजीकेचा प्लग घेतला तर मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, उष्णता लवकर सोडणारा. बॉशचा घेतला तर आकडा जितका लहान तितका प्लग थंड. म्हणजे दोन्हीकडे अगदी उलट. आपल्याकडे मायको म्हणून जे प्लग मिळायचे त्यांच्यावर पूर्वी १७५, २२५ असे तीन आकडी नंबर असायचे, तेव्हा मोठा आकडा थंड होता. एक आकडी नंबर आल्यावर हिशोब फिरला. दुकानदार एका कंपनीचा आठ संपला म्हणून दुसऱ्या कंपनीचा आठ देतो, मिस्त्री तो घट्ट बसतो की नाही एवढंच बघतो. किती इंजिनं ह्या एका गोष्टीनं खराब झाली असतील! ह्याबद्दल मी आजही दुकानदारांशी भांडतो. तक्ता भिंतीवर लावायला काय लागतं?

मामांच्या गाडीनंतर पत्ती निमुळती करणं मी बंद केलं. पण कापणं लगेच सुटलं नाही, कारण लोक मागत होते आणि मलाही मनातून वाटत होतं की उस्तादांची मूळ पद्धत बरोबर आहे, चूक माझ्या हावरेपणाची. ते तपासायला मला २००१ साल उजाडावं लागलं.

मी तेव्हा सेकंडहँड स्प्लेंडर घेतली होती. कार्बोरेटरची गाडी, त्यामुळं बाटलीची टेस्ट करता येत होती. मेडिकलमधून सलाईनची रिकामी काचेची बाटली आणली, तिच्यात मापानं १०० मिली पेट्रोल, टाकीची नळी काढून बाटलीची नळी कार्बोरेटरला, बाटली हँडलला बांधलेली. आधी नळी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी होईपर्यंत गाडी चालवायची, मग बाटली उघडायची आणि बंद पडेपर्यंत जायचं. पन्हाळ्याच्या रस्त्याचा सपाट तुकडा धरला, सकाळी सहाची वेळ, वारा नाही, रहदारी नाही. वेग ४५. टायरची हवा रोज तीच. किलोमीटरचे दगड आणि मधले दोनशे मीटरचे छोटे दगड मोजायचे, उरलेलं अंतर पावलांनी.

चार प्लग घेतले. एक, गाडीतून निघालेला जुना, गॅप वाढून एक मिलिमीटरच्या आसपास गेलेला. दोन, तसाच जुना पण साफ करून गॅप बांधलेला. तीन, नवा कोरा. चार, नवा आणि उस्तादांच्या पद्धतीनं कापून रेघ इनलेटकडे आणलेला. प्रत्येकाच्या सहा फेऱ्या, म्हणजे चोवीस सकाळी. बायको म्हणायची, अंधारात बाटली बांधून जाता, लोक काय म्हणतील. पण तिनंच वहीत रेघा मारून दिल्या होत्या.

पहिला जुना प्लग सरळ मागं पडला. सहा किलोमीटरही जायचा नाही, आणि मध्ये मध्ये मिसिंग यायचं. बाकीचे तीन सहाच्या थोडे वर. आणि त्या तिघांत कोण पुढं, हे मला वहीवरून सांगता येईना. कापलेला प्लग एका दिवशी सगळ्यांत लांब गेला, दुसऱ्या दिवशी साफ केलेल्या जुन्याच्याही मागं राहिला. एकाच प्लगच्या दोन सकाळींत दोनशे-तीनशे मीटरचा फरक पडायचा. ज्या फरकावर मी चौदा वर्षं बोलत होतो तो ह्या चढउतारात बुडून जात होता. गाडीला पॉइंटऐवजी सीडीआय होता, करंट भरपूर होता, कोऱ्या प्लगची ठिणगी एकदाही चुकत नव्हती. जी ठिणगी दर वेळी मिश्रण पेटवतेच आहे, तिला अजून मोकळं करून पेट्रोलमधून जास्त काय निघणार? ताकद पेट्रोलमध्ये आणि हवेत असते.

पंचविसाव्या सकाळी मी प्लगला हात लावला नाही. चेन ढिली होती ती बांधली, एअर फिल्टर धुऊन बसवला, मागचा ब्रेक किंचित घासत होता तो सोडला. गाडी त्या दिवशी जवळजवळ अर्धा किलोमीटर जास्त गेली.

मी वही घेऊन रस्त्याच्या कडेला बसलो होतो. उसाचा ट्रॅक्टर गेला, त्यातल्या माणसानं विचारलं पेट्रोल संपलं काय, मी हो म्हणालो. गॅरेजात आम्ही नुसता प्लग कधीच कापला नव्हता. प्लग कापायला गाडी आली की उस्ताद पॉइंट साफ करायचे, टायमिंग बघायचे, कार्बोरेटर उघडून जेटात फुंकर मारायचे, फिल्टर झटकायचे, केबलला ऑइल सोडायचे. गाडी सुधारायची ती ह्या सगळ्यानं. गिऱ्हाईकाला घरी जाऊन सांगायला मात्र कापलेला प्लगच आठवायचा, कारण तो दाखवता यायचा. आणि आम्हालाही तोच आठवायचा.

त्यानंतर मी प्लग कापायचा सोडला आणि वाचायला लागलो. खरं तर उस्ताद ते आधीपासून करत होते, मीच कापण्याच्या नादात त्याच्याकडे कमी बघितलं. चालत्या गाडीचा प्लग काढून तोंड उजेडात धरलं तर इंजिनाच्या आतलं बरंच काही दिसतं. चिनी मातीचं टोक बिस्किटासारखं, फिकं तांबूस असेल तर सगळं ठीक. कोरडा काजळीसारखा काळा, बोटाला लागणारा थर म्हणजे पेट्रोल जास्त येतंय किंवा फिल्टर गुदमरलाय. काळा पण ओला, चकचकीत आणि ऑइलचा वास, तर फोर स्ट्रोकमध्ये रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली. पांढराफटक, कोरडा, वर बारीक बारीक मणी उठलेले, तर गाडी तापतेय; हवा कुठूनतरी चोरून शिरतेय, नाहीतर जेट छोटा आहे, नाहीतर प्लगच चुकीच्या नंबरचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं तेव्हा हे रंग बदलले. आधीचा गडद चॉकलेटी रंग दिसेनासा झाला, टोकं फिकी दिसायला लागली. कितीतरी जुन्या मिस्त्र्यांनी ते बघून गाडी तापतेय असं समजून जेट मोठे केले आणि लोकांचं पेट्रोल फुकट घालवलं. मीही दोन-तीन गाड्यांना तसं केलं, मग डोळ्याला नवी सवय लावली.

एक प्लग मी जपून ठेवला आहे. एका नर्सबाईंच्या स्कूटीचा. त्यांची तक्रार होती की गाडी पेट्रोल पिते आणि तीन ठिकाणी दाखवून झालं. प्लग निम्मा काळा, निम्मा गोरा. अगदी रेघ मारल्यासारखा. इतका नीट दुभागलेला रंग मी पुन्हा कधी पाहिला नाही. शोधता शोधता सापडलं की चोकची केबल अडकून चोक थोडा उघडाच राहत होता. सकाळी थंड गाडीत काळं बसायचं आणि दवाखान्यापर्यंतच्या छोट्या अंतरात पूर्ण जळायचं नाही. दोन रुपयांचं ऑइल केबलमध्ये सोडलं.

प्लग बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मात्र त्याच वाटेनं चालत होत्या ज्या वाटेवर उस्ताद हॅकसॉ घेऊन उभे होते. कुणी मधल्या काडीच्या डोक्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडली, कुणी पत्तीच्या पोटात यू सारखी, उद्देश हाच की ठिणगी कडेला पडावी आणि जाळाला जागा मिळावी. इरिडियमच्या प्लगची काडी तर ०.४ किंवा ०.६ मिलिमीटर, शिवणाच्या सुईपेक्षा फार जाड नाही. इतकी बारीक काडी निकेलची केली तर टिकणार नाही. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४०० च्याही वर. आम्ही धार कानशीनं काढत होतो आणि ती झिजत होती. त्यांनी सहज न झिजणारा धातू आणला. मी स्वतःच्या गाडीत इरिडियम वापरतो. सकाळी गाडी झटकन उठते आणि प्लग फार दिवस विसरता येतो. अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून घे असं मात्र मी कुणाला सांगत नाही.

२००३ साली दोन प्लगची पल्सर आली. पहिली गाडी माझ्याकडे सर्व्हिसिंगला आली तेव्हा मी मुद्दाम ती घेऊन उस्तादांच्या घरी गेलो. त्यांना तेव्हा बसून उठायला त्रास व्हायचा, काम सुटलं होतं. गाडी दारात लावली, ते खुर्ची ओढून हेडजवळ बसले. एका बाजूचा प्लग बघितला, मग मला गाडी वळवायला लावून दुसऱ्या बाजूचा बघितला. मी सांगितलं, जाळ दोन्हीकडून निघतो, त्याला निम्मंच अंतर जावं लागतं, म्हणून मिश्रण लवकर आणि पुरतं जळतं; त्या हिशोबानं टायमिंग आणि हेडचा आकारही बांधलाय. ते ऐकत होते. मग हेडवर हात ठेवून म्हणाले, “म्हणजे जाळाला वाट पाहिजे हे खरं होतं.”

मी म्हणालो, “खरंच होतं, उस्ताद.”

“मग आपल्याला का नाही जमलं?”

मी बाटलीच्या टेस्टबद्दल त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं, चोवीस सकाळी, पंचविसावी, मामांची राजदूत, सगळं. त्यांना वाईट वाटेल अशी मला भीती होती. त्यांनी विचारलं, “पंचविसाव्या दिवशी चेन किती ढिली होती?” मी सांगितलं दोन बोटं. “मग बरोबर,” म्हणाले, आणि घरात चहाला सांगितलं.

आता माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, पेट्रोल इंजेक्टरनं जातं, किती द्यायचं ते गाडीतला कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू ठरवतो. प्लगच्या नंबरात आर अक्षर असतं, म्हणजे आत रेझिस्टर आहे, ठिणगीचा गोंगाट ईसीयूपर्यंत पोचू नये म्हणून. तो नसलेला स्वस्त प्लग घातला तर गाडी कधी कशी वागेल सांगता येत नाही. सलाईनची बाटली आता लावता येत नाही, पंप दाबानं पेट्रोल देतो. टाकी गळ्यापर्यंत भरायची, शंभर किलोमीटर जायचं, पुन्हा तिथंच गळ्यापर्यंत भरायची, एवढाच उपाय.

गेल्या महिन्यात कॉलेजचा एक मुलगा आला. हातात नवा प्लग, पत्ती कापायची होती. “काका, मित्रानं केलंय, पाच किलोमीटर वाढलंय त्याचं.” मी त्याला नाही म्हणालो नाही. त्याचा गाडीतला प्लग काढला, उजेडात धरला, त्याच्या हातात दिला आणि रंग कोणता दिसतो विचारलं. तो म्हणाला, काळा. बोट फिरव म्हटलं. बोटाला काजळी आली. फिल्टर काढला तर उसाच्या वाटेवरची लाल माती गच्च बसलेली. हवा बघितली, मागच्या टायरमध्ये अठरा पौंड. नवा प्लग कोराच बसवला, फीलर गेज त्याच्या हातात देऊन गॅप त्यालाच तपासायला लावला. पान पहिल्यांदा फार ढिलं गेलं, दुसऱ्यांदा जमलं.

“कापलाच नाही की,” तो म्हणाला.

मी कपाटातून एक कापलेला प्लग काढून त्याला दाखवला, त्याच्याच गाडीच्या नंबरचा, मी स्वतः कापून ठेवलेला. म्हटलं, रविवारी सकाळी सहाला पंपावर ये, टाकी गळ्यापर्यंत भर. आंबा घाटाच्या बाजूला शंभर किलोमीटर जाऊन-येऊन कोऱ्यावर, पुढच्या रविवारी शंभर ह्याच्यावर. वही माझ्याकडे आहे. तो आला. दोन्ही रविवारी आला, आणि तिसऱ्या रविवारी स्वतःहून म्हणाला, एकेका फेरीवर विश्वास नको, अजून दोनदा जाऊ.